खंडेनवमीची साफसफाई

ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला की काका आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. चष्मा कपाळावर चढवायचे, स्क्रीनपुढे कमरेत वाकायचे आणि म्हणायचे, "हात नका लावू. आधी वाचू."

मग वाचायचे. मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून, टिंबाला टिंब म्हणत आणि रेघेला रेघ म्हणत. त्यांचे वडील भिक्षुकी करायचे आणि लहानपणी चुकलं की मांडीवर चापट द्यायचे. ती सवय यांच्या अंगात इतकी मुरली होती की मशीननं दिलेली शिवीसुद्धा ते पोथीसारखी म्हणायचे. "अक्षर गाळलं की फळ नाही, ताई," असं मला ऐकवायचे. मला तेव्हा ओरडावंसं वाटायचं. काही बिघडलं की खिडकी बंद करायची, पुन्हा उघडायची आणि नाहीच झालं तर टेबलावर हात आपटायचा, अशा जातीची मी आहे. तुम्हीही बहुतेक त्याच जातीचे असाल. आपण संख्येनं पुष्कळ आहोत म्हणून तर अशा माणसांची पोटं भरतात.

औरंगपुऱ्यात चपलांच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. जमिनीत पाणी कुठे आहे ते शोधून द्यायचं, हा धंदा. साहेब सदा फिरतीवर. मी खडकांचं शिकलेली, म्हणून खुंट्या, वायरी आणि मशीन घेऊन रानात जायचे. आणि ऑफिसातले कॉम्प्युटर यांच्या ताब्यात. वाळूजच्या एका कारखान्यात यांनी उभी हयात ड्रॉइंगच्या खात्यात काढली होती. तिथून लवकर निवृत्ती घेऊन आमच्याकडे आले. सगळे त्यांना काका म्हणायचे, खरं नाव फक्त कुरिअरवाला घ्यायचा. नम्र वगैरे अजिबात नव्हते. आपल्याला येतं याचा त्यांना चांगलाच गर्व होता आणि दुसऱ्याला येत नाही याचा त्याहून जास्त आनंद.

ती दुष्काळाची वर्षं होती. एकामागून एक पावसाळे कोरडे चालले होते आणि शहर मात्र फुगत होतं. शहराच्या कडेला सातारा, देवळाई, पडेगाव, जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती, आणि प्रत्येक बिल्डरला पायाच्या आधी बोअर हवा. रस्ते रुंद व्हायचे, पाइप पडायचे, पाइप पडले की केबल तुटायच्या. बोअरच्या गाड्यांना तर एवढा भाव आला होता की गाडी मिळाली की माणूस वरातीसारखा पुढे धावायचा. अशा दिवसांत लासूर स्टेशनपलीकडच्या एका धनगर वस्तीचं काम आमच्याकडे आलं.

वस्तीत दोन बोअर आधीच कोरडे गेले होते. दोन्ही पाणाड्यानं तळहातावर नारळ फिरवून दाखवलेले. दिवाळी झाली की ती माणसं मेंढरं घेऊन खाली नदीकाठाकडे जातातच, ते नेहमीचं. पण म्हातारी माणसं आणि घरं मागे राहतात, चूल पेटती राहते. या वेळी घरंच उठणार होती. मेंढरं विकून त्यांनी तिसऱ्या आणि शेवटच्या बोअरची तयारी केली होती. हा कोरडा गेला की वस्ती मोडायची, असं ठरलेलं.

हे सगळं मला हौसाबाईनं सांगितलं होतं. वस्तीतली म्हातारी, पण फोन तिच्याच कमरेला आणि शब्दही तिचाच चालायचा. मी खुंट्या ठोकत होते तेव्हा ती माझ्या मागेमागे फिरत होती. "बाई, तुमचं मशीन खरं बोलतं का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आमचं मशीन फक्त मोजतं. जमिनीत वीज सोडायची, ती कुठे अडते आणि कुठे सहज जाते ते मोजायचं. मग ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्या आकड्यांचं चित्र होतं, जमीन सुरीनं कापून आडवी दाखवावी तसं. ते चित्र बघून जागा सांगायची. ती म्हणाली, "मंग चित्र झाल्यावरच सांगा. आमी थांबतो." गाडी दसऱ्यानंतर येणार होती. घाई काहीच नव्हती.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजतात. सुतार करवत धुतो, शेतकरी विळा, कारखान्यात लेथला हार घालतात. काकांनी वाळूजची ती रीत आमच्या ऑफिसात आणली होती. कॉम्प्युटर पुसून त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, पेढे. आणि दसरा उजाडेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, हे पक्कं. पण नुसतं बाहेरून पुसणं त्यांना पटायचं नाही. सुताराची बायको करवत चिंचेनं घासते, मग आपण आतून का नाही घासायचं? म्हणून ते आदल्या दिवशी बसून मशीनला आतून आंघोळ घालायचे. आमचे कॉम्प्युटर ज्यावर चालायचे त्या लिनक्सचं सगळं नवं सामान इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं, आणि मग जुनं, विनाकारण पडलेलं जे काही असेल ते झाडून टाकायचं. त्या वर्षीही अष्टमीला त्यांनी ते केलं. सगळं उघडून पाहिलं, सगळं चालत होतं. फक्त आमचा तो चित्र काढणारा प्रोग्रॅम उघडून पाहिला नाही. तो कधी बिघडलाच नव्हता. इतका जुना होता की बनवणारे दुकान बंद करून कधीच निघून गेले होते.

नवमीला सकाळी पूजा झाली. मी पेढा तोंडात टाकला आणि फोन वाजला.

"बाई, गाडी आली," हौसाबाई म्हणाली.

"आज? आज कशी?"

"त्याचं दुसरीकडचं काम मोडलं म्हनून हिकडं आला. गाडीवाला अण्णा म्हनतो, आत्ता मारा नायतर दिवाळीनंतर बघू. ऊन उतरायच्या आत त्याला पैठणच्या अंगाला जायचंय. जागा सांगा."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. कॉम्प्युटरवर झेंडूचं फूल, कीबोर्डवर कुंकवाचं बोट. हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम. ते क्षणभर उभे राहिले, मग फूल उचललं, कपाळाला लावलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"वडील असते तर आज चापट बसली असती," म्हणाले आणि मशीन चालू केलं.

प्रोग्रॅम उघडला नाही. खिडकी आलीच नाही. काळ्या पट्टीवर इंग्रजीत एक ओळ आली आणि सगळं गप्प झालं. लिब जीएल नावाची काहीतरी फाइल उघडता येत नाही, अशी फाइल किंवा असं फोल्डरच नाही, असं काहीसं त्यात होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं, काकांचे हात पाठीमागे गेले नाहीत. ते सरळ खुर्चीत बसले आणि टाइप करायला लागले. ती फाइल मशीनमध्ये दुसऱ्या जागी होती, ती त्यांना दिसली. तिच्याकडे बोट दाखवणारी एक खूण त्यांनी प्रोग्रॅमच्या वाटेवर ठेवून दिली. "झालं," म्हणाले. नव्हतं झालं. आता दुसरी ओळ आली, पहिलीपेक्षा लांब. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तीच ओळ. त्यांच्या मानेवर घाम आला होता आणि पंखा तर डोक्यावर फिरत होता.

फोन वाजला. "अण्णानं गाडी नाल्याकडं लावली, बाई. पाणाड्याची जागा हाय ती. तुमचं हुतंय का नाय?"

"होतंय, होतंय," मी म्हटलं. आणि फोन ठेवून काकांवर घसरले. "परवा चालत होतं ना हे? मी स्वतः याच्यावर काम केलंय! तुम्हाला कोणी सांगितली होती सणाची आंघोळ?"

त्यांनी खुर्ची मागे सरकवली, उठले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि चष्मा कपाळावर चढवला. मग ती लांब ओळ वाचायला लागले, एकेक अक्षर सुटं करून. मला रडू येत होतं आणि ते टिंबाला टिंब म्हणत होते.

वाचून झाल्यावर म्हणाले, "ताई, मी घाई केली. वाचलंच नाही. हे सांगतंय की सामान चुकीच्या वर्गाचं आहे. आपला प्रोग्रॅम जुना, बत्तीस बिटचा. मशीनमध्ये उरलंय ते सामान नवं, चौसष्ट बिटचं. चुलत्याचं नाव सारखं असलं म्हणून तो बाप होत नाही."

"मराठीत सांगा," मी म्हटलं, ते मराठीतच बोलत होते तरी.

"आपला प्रोग्रॅम स्वतः चित्र काढत नाही. चित्र काढायचं सामान मशीनच्या फडताळातून उसनं घेतो. त्या सामानाला दुसरं कोणी हात लावत नव्हतं, म्हणून मशीनला वाटलं हे विनाकारण पडलंय. मला विचारलं, झाडू का? मी म्हटलं, झाड." ते थांबले. "मीच झाडलं."

मग त्यांनी एलडीडी म्हणून एक आज्ञा दिली. प्रोग्रॅमला काय काय लागतं ते सगळं त्यानं पुढ्यात येतं, आणि जे सापडत नाही त्याच्यासमोर तसं लिहिलेलं असतं. एक नव्हतं, बरीच नावं होती. एकेक आणत बसलो असतो तर दसरा उजाडला असता. साधा उपाय असा, की इंटरनेटवरून ते सगळं पुन्हा उतरवून घ्यायचं. पण इंटरनेट नव्हतं. अष्टमीला संध्याकाळी गुलमंडीच्या अंगाला रस्ता खोदताना जेसीबीनं केबल ओढून काढली होती आणि सणात ती जोडणार कोण? माझ्या फोनवर नेट म्हणायला होतं. फाइल अर्धी यायची, थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. ते सगळं साठवून ठेवणारं मशीनमधलं एक कोठारही असतं. तेसुद्धा त्यांनी अष्टमीला स्वच्छ धुतलं होतं. काम नीट करायचा माणूस होता तो, काय सांगू तुम्हाला.

या मधल्या वेळात मी आलेख कागदावर आकडे मांडत होते. हातानं काढलेल्या त्या वेड्यावाकड्या रेषेतही एक गोष्ट दिसत होती. नाल्याजवळ वीज सहज जात होती, म्हणजे तिथे ओल होती.

"काका, पाणाड्याचीच जागा बरोबर आहे असं दिसतंय. सांगून टाकते, मारू दे."

"नको."

"का नको? गाडी उभी आहे तिथे."

"ओल वरवरची आहे का खोल, ते या रेषेत दिसतं का?"

"नाही दिसत. तुमच्यामुळे नाही दिसत!"

"म्हणूनच म्हणतो, नको," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझ्या चुकीवर तुमचा अंदाज नका ठेवू. दोन चुका होतील." आणि चपला घालून जिना उतरायला लागले.

मी मागे धावले. मागच्या गल्लीत एका चाचांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. त्यांना लिनक्स काकांनीच बसवून दिलं होतं आणि त्यावरून दोघांची कायमची भांडणं. चाचा कधीही काहीही नवं उतरवून घ्यायचे नाहीत. काका त्यांना आळशी म्हणायचे, कबरीत जाईपर्यंत जुन्यावरच बसणार म्हणायचे. चाचा हसून पान लावायचे. त्या दिवशी दुकानात दसऱ्याच्या शुभेच्छांचं कुणा पुढाऱ्याचं भलंमोठं फ्लेक्स छापून बाहेर येत होतं, हात जोडलेले, डोकं अजून यायचं होतं.

"चाचा, मशीन झाडलं का कधी?" काकांनी दारातूनच विचारलं.

"लो, आ गए," चाचा म्हणाले. "मियाँ, आज तो तुम्हारी पूजा है, आज भी लेक्चर? नक्को. मेरे को कंटाळा आता. जैसा तुमने डालके दिया था वैसाच है."

काकांनी त्या म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. "वैसाच है ना? अल्ला कसम?"

"अरे, हौ! हुआ क्या?"

"वस्तीला पाणी पाहिजे," काका म्हणाले आणि खिशातून पेनड्राइव्ह काढताना झेंडूचं फूल खाली पडलं. चाचांना यातलं अक्षर कळलं नसणार. त्यांनी छपाई थांबवली, पुढारी बिनडोक्याचा लटकत राहिला आणि काका स्टुलावर बसले. जुनं सामान, बत्तीसचं, सगळं जागच्या जागी होतं. काकांनी अख्खं फडताळच उचललं. एकेक नाव मात्र मोठ्यानं वाचून ताडून पाहिलं, आणि या वेळी मी ओरडले नाही.

परत येताना फोन वाजला. मी जिन्यातच घेतला. मागे गाडीचा इतका आवाज होता की हौसाबाई किंचाळत होती. "चालू केलं त्यानं! मी म्हनलं थांब, तर थांबंना. माती उडायली नुसती!"

ऑफिसात आलो. काकांनी ते सामान एका वेगळ्या फोल्डरात ठेवलं आणि प्रोग्रॅमला सांगितलं, बाकी घर सोड, तुला जे हवं ते इथेच शोध. मग एंटर दाबलं. खिडकी उघडली. माझ्या तोंडून "आई गं" निघालं. पण आत काळं होतं. नुसता काळा चौकोन, ना रेघ, ना रंग.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी हात पाठीमागे घेतले. त्यांनी काळ्या पट्टीवरची बारीक ओळ वाचली, पुन्हा वाचली. "सामान मिळालं त्याला," ते पुटपुटले, "पण चित्र रंगवणारा ड्रायव्हर तो अजून जुन्याच घरी शोधतोय. त्याचाही पत्ता द्यायला हवा." बसले, एक ओळ लिहिली, एंटर दाबलं.

चित्र आलं.

मी त्यांना बाजूला ढकललं, अक्षरशः. हौसाबाईची जमीन माझ्यासमोर कापून ठेवली होती. नाल्याजवळचा निळा डाग वर होता, बशीएवढा उथळ. चिकणमाती. ओल धरते आणि थेंब सोडत नाही. तिच्याखाली चित्रात लालभडक दिसणारा काळा पाषाण, खोलपर्यंत. आणि तिथून दूर, मेंढरं कोंडतात त्या जागेच्या मागे, खडकात एक तिरपी निळी पट्टी खाली उतरत गेलेली. भेगांचा मऊ खडक, आम्ही मांजऱ्या म्हणतो तो. पाणी असलंच तर तिथे.

"नाल्याजवळ नाही," मी म्हटलं. "काका, तिसरा पण कोरडा जातोय."

मी फोन लावला आणि सांगायला लागले. पलीकडून अण्णाचा आवाज, त्याच्या मोडक्या हिंदीत: खाली बसवलेले दांडे आता काढायचे, गाडी हलवायची, कोण सांगतं, का सांगतं? माणसांचा गलका. पाणाड्या म्हणत होता की आता थांबलात तर देवी कोपेल. हौसाबाई मला म्हणाली, "बाई, सकाळपासून हुतंय हुतंय म्हनता. आता अर्ध्यात आल्यावर म्हनता काढा. काहून ऐकू तुमचं?"

तिचं बरोबरच होतं. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. ते तिच्याशी कधी बोलले नव्हते, वस्ती त्यांनी कधी बघितली नव्हती.

"मावशी, मी ऑफिसातला माणूस. सकाळी उशीर झाला तो माझ्यामुळे. मशीन चांगलं होतं. सणाची साफसफाई करताना मी त्यातलं कामाचं सामान फेकून दिलं. ते आत्ता दुसऱ्याकडून मागून आणलं, तेव्हा कुठे चित्र दिसलं. बाईची चूक नाही."

पलीकडे गाडीचा आवाज चालूच होता.

"तुमी फेकलं? सोता?"

"स्वतः. या हातानं."

"आन आता बरूबर हाय म्हनता."

"आता बरोबर आहे. मी वाचलंय. नाल्याजवळ पाणी नाही. मेंढरांच्या मागे बघा. तिथेही नाही लागलं तर मला शिव्या द्या, मशीनला नका देऊ."

मग फोन तोंडापासून दूर धरून तिनं ओरडून अण्णाला गाडी बंद करायला सांगितलं. तिचे शब्द मला नीट ऐकू आले, अजून येतात. "काढ म्हनते ना! चूक झाली म्हनून सांगनारा मानूस हाय. तुमच्यातलं सांगितलं का कुनी, दोन कोरडे गेले तवा?"

आणि फोन बंद पडला. बॅटरी असेल. आम्ही पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही.

मग आम्ही नुसते बसून राहिलो. दोघंही घरी जाऊ शकलो असतो, सण होता. खाली झेंडूच्या ढिगाशेजारी बायका भाव करत होत्या. काकांनी चित्र बंद केलं नाही, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले, हात मांडीवर. मध्ये एकदा म्हणाले, "ताई, ती पट्टी खरंच पाण्याची आहे ना?" या माणसानं मला आजवर कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "खडक फुटल्याशिवाय कोणालाच माहीत नसतं, काका." त्यांनी मान हलवली. ऊन समोरच्या गच्चीवरून उतरायला लागलं.

फोन आला तो अनोळखी नंबरवरून. अण्णाचा होता. पण बोलत हौसाबाई होती. मागे पोरांचा आरडाओरडा, आणि त्या सगळ्याच्या मागे एक सळसळ, गाडीच्या धडधडीत मिसळलेली.

"लागलं," ती म्हणाली. "लई नाय, पर लागलं. त्या भाऊला सांगा."

मी फोन काकांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं. "येतो एकदा बघायला," एवढंच म्हणाले. मग उठून मशीनला नव्यानं हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाले, उद्याच्या सोन्याला या घरी.

त्यानंतर खंडेनवमीला आमच्या मशीनवर नुसतं फूल पडायचं, आत झाडू जायचा नाही. चाचांना ते आळशी म्हणायचे थांबले, असं मात्र नाही. उलट ज्या आळसामुळे आपण वाचलो त्याचा त्यांना जास्तच राग यायचा.

वस्तीवर जायचं राहिलं. आज जाऊ, पाऊस पडल्यावर जाऊ, असं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. त्यांच्या खुर्चीत साहेबांनी एका हुशार मुलीला बसवलं. ती फार भराभर टाइप करते. तिच्यासमोर काही बिघडलं की मला अजून थांबा म्हणावंसं वाटतं.

त्या पावसाळ्यातही पावसानं ओढ दिलीच होती. एक दिवस हौसाबाई जिना चढून आली, लासूरहून पॅसेंजरनं. डोक्यावर प्लास्टिकचा कॅन, काठोकाठ भरलेला. धापा टाकत म्हणाली, "फोनवरचे ते भाऊ कुठंत? येतो म्हनले, आलेच नायत. मंग म्हनलं, आपूनच पानी न्यावं."

मी सांगितलं. ती खाली बसली. तिनं कॅनवर हात ठेवला. मग म्हणाली, "माघारी नाय न्यायची मी. त्यांचं घर दावा."

रिक्षा करून आम्ही सातारा परिसरात गेलो. नव्या इमारती, नळ अजून पोचलेले नाहीत, सगळा कारभार टँकरवर. त्या आठवड्यात टँकर आलाच नव्हता. दारात रिकाम्या टाक्या ठेवलेल्या. काकूंना मी सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी ते ऑफिसचं बोलायचे नाहीत. काकूंनी हौसाबाईचा हात धरून तिला आत नेलं, कॅनमधलं पाणी पातेल्यात घेतलं आणि चहा ठेवला.

काकूंनी पहिला घोट घेतला आणि थांबल्या. "जरा मचूळ आहे, नाही?" म्हणाल्या. मग हसल्या, डोळे भरलेले. "ह्यांना मचूळ पाण्याचा चहा मुळीच चालायचा नाही. कप सरकवून उठून जायचे. कितीदा भांडले असेन मी त्यावरून." पदरानं कपाची कड पुसली. "हा प्याले असते."

हौसाबाईनं बशी खाली ठेवली आणि कॅन उचलून उरलेलं पाणी काकूंच्या माठात ओतायला घेतलं.